अमेरिका त्याला बॉब म्हणत राहिली, तो मात्र शेवटपर्यंत रॉबर्टो क्लेमेंटेच राहिला

आपल्याकडं बेसबॉल फारसं कुणी बघत नाही. हॉलिवूडच्या सिनेमात जेवढं दिसलं तेवढंच. पण क्रिकेट बघणाऱ्या माणसाला डॉन ब्रॅडमनचा ९९.९४ हा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. शेवटच्या इनिंगमध्ये फक्त ४ रन काढले असते तर ॲव्हरेज १०० झालं असतं. पण ब्रॅडमन शून्यावर आउट झाले आणि तो आकडा कायमचा लोकांच्या डोक्यात बसला.

बेसबॉलमध्ये असाच एक आकडा आहे, ३०००.

रॉबर्टो क्लेमेंटे नावाच्या खेळाडूच्या नावावर मेजर लीगमध्ये बरोबर ३००० हिट आहेत. एक कमी नाही की एक जास्त नाही. यातला शेवटचा हिट त्यानं ३० सप्टेंबर १९७२ ला मारला. तीन महिन्यांनी, थर्टी फर्स्टच्या रात्री, भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या एका विमानात तो बसला आणि ते विमान समुद्रात कोसळलं. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता.

ही झाली शेवटची गोष्ट. पण त्याआधीची १८ वर्षं बघितली तर कळतं की हा माणूस मैदानात जेवढा खेळला, तेवढाच मैदानाबाहेर भांडला. पेपरवाल्यांनी त्याचं नाव बदललं, त्याच्या इंग्रजीची टर उडवली, पाठ दुखते म्हणाला की नाटकी ठरवलं. क्लेमेंटेनं यातलं काहीच गपगुमान ऐकून घेतलं नाही.

आता सगळं पहिल्यापासून बघू.

उसाच्या फडावरच्या मुकादमाचा पोरगा

कॅरिबियन समुद्रात पोर्तो रिको नावाचं बेट आहे. १८९८ च्या युद्धात अमेरिकेनं ते स्पेनकडून घेतलं. १९१७ मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्वही मिळालं, पण घरात, बाजारात बोलायची भाषा स्पॅनिशच राहिली. म्हणजे कागदावर अमेरिकन आणि अमेरिकेत गेल्यावर मात्र परके, अशी इथल्या माणसांची अवस्था. क्लेमेंटेची पुढची सगळी भांडणं समजून घ्यायला एवढं डोक्यात ठेवायला लागतं.

या बेटावरच्या कॅरोलिना गावात १८ ऑगस्ट १९३४ ला रॉबर्टोचा जन्म झाला. सात भावंडांत सगळ्यात धाकटा. वडील मेल्चोर उसाच्या फडावर मुकादम होते. आईचं नाव लुइसा. स्पॅनिश पद्धतीत मुलाच्या नावापुढं आधी वडिलांचं आडनाव येतं आणि मग आईचं. लुइसाचं माहेरचं आडनाव वॉकर, त्यामुळं पोराचं पूर्ण नाव झालं रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर. ही नावाची भानगड लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

खरा बॉल परवडत नव्हता तेव्हा दोऱ्या आणि चिंध्या गुंडाळून बॉल करायचा आणि झाडाची फांदी तोडून बॅट, अशा खेळात तो वाढला. शाळेत तो भालाफेकही करायचा. नीरज चोप्रामुळं आता आपल्याला माहिती आहे की भाला लांब फेकायला खांद्यात काय ताकद लागते. पुढं मैदानाच्या टोकावरून क्लेमेंटे जो थ्रो मारायचा, त्याचं मूळ लोक या भालाफेकीत शोधतात.

१९५२ मध्ये सांतुर्से नावाच्या तिथल्या व्यावसायिक टीमनं त्याला घेतलं. त्यावेळी तो १८ वर्षांचा होता आणि अजून शाळेतच शिकत होता. पगार आठवड्याला ४० डॉलर.

पुढं जाण्याआधी बेसबॉल दोन मिनिटांत

एक जण बॉल टाकतो, तो पिचर. समोरचा मारतो, तो बॅटर. मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात, दोन बेसमध्ये ९० फुटांचं अंतर. चौकोनाला पूर्ण फेरी मारून घरच्या बेसवर परत आलात की एक रन. बॉल थेट मैदानाच्या भिंतीपलीकडं गेला तर होमरन, म्हणजे साधारण आपला सिक्सर. एका मॅचमध्ये दोन्ही टीमना नऊ-नऊ इनिंग मिळतात आणि तीन जण आउट झाले की इनिंग संपते.

बॅटरनं बॉल मारला आणि त्या फटक्याच्या जोरावर तो सुखरूप बेसवर पोहोचला, तर त्याला हिट म्हणतात. दहा वेळा मारायला उभं राहून तीन वेळा हिट मिळाला तर तो भारी खेळाडू समजला जातो. आता ३००० चा हिशोब करा. दरवर्षी २०० हिट धरले तरी न थांबता १५ वर्षं खेळावं लागतं. क्लेमेंटेच्या आधी मेजर लीगच्या इतिहासात फक्त १० जणांना हे जमलं होतं.

चार हजार डॉलरची चिठ्ठी

१९४७ पर्यंत मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना जागा नव्हती. त्या वर्षी ब्रुकलिन डॉजर्स टीमनं जॅकी रॉबिन्सनला मैदानात उतरवलं आणि अनेक दशकांची ही बंदी मोडली. हा निर्णय घेणारा टीमचा कारभारी होता ब्रँच रिकी.

सात वर्षांनी, फेब्रुवारी १९५४ मध्ये, याच डॉजर्सनी १९ वर्षांच्या क्लेमेंटेला १० हजार डॉलर बोनस देऊन करारबद्ध केलं. पण त्यावेळी एक नियम होता. ४ हजार डॉलरपेक्षा जास्त बोनस दिलेल्या खेळाडूला मुख्य टीममध्ये ठेवायचं, खालच्या लीगमध्ये पाठवलं तर सीझन संपल्यावर दुसरी कुठलीही टीम त्याला उचलून नेऊ शकते. डॉजर्सनी त्याला खालच्या लीगमध्ये, कॅनडातल्या मॉन्ट्रियलला पाठवलं. तिथं तो बराच वेळ बाकावरच बसून असायचा. दुसऱ्या टीमच्या नजरेत येऊ नये म्हणून त्याला मुद्दाम लपवून ठेवलं होतं, असं आजही अनेकजण मानतात.

पण लपवून उपयोग झाला नाही. पिट्सबर्ग पायरेट्सचा क्लाइड सुकफोर्थ दुसऱ्याच एका पिचरला बघायला मॉन्ट्रियलला आला होता. प्रॅक्टिसमध्ये त्यानं क्लेमेंटेचा थ्रो बघितला आणि त्याचं काम तिथंच झालं. पायरेट्सचा कारभार तेव्हा कुणाकडं होता? डॉजर्स सोडून आलेल्या त्याच ब्रँच रिकीकडं.

त्या सीझनला पायरेट्स तळाला होते आणि तळाच्या टीमला खेळाडू निवडायचा पहिला मान मिळायचा. नोव्हेंबर १९५४ मध्ये त्यांनी ४ हजार डॉलर मोजून क्लेमेंटेला उचललं. डॉजर्सनी बघत बसण्यापलीकडं काही केलं नाही.

त्याच हिवाळ्यात पोर्तो रिकोत एका दारुड्या ड्रायव्हरनं क्लेमेंटेच्या गाडीला धडक दिली. पाठीला मार बसला तो कायमचा. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तो मेजर लीगमध्ये पहिली मॅच खेळला तेव्हा समोर ब्रुकलिन डॉजर्सच होते आणि पाठीचं दुखणं सोबत होतं.

सुरुवातीला त्याला १३ नंबरची जर्सी मिळाली होती. नंतर त्यानं २१ घेतला. त्याच्या पूर्ण नावात इंग्रजी स्पेलिंगप्रमाणं २१ अक्षरं आहेत, म्हणून हा नंबर घेतला असं सांगतात.

हा बॉब कोण?

पिट्सबर्ग म्हणजे पोलाद कारखान्यांचं गाव. स्पॅनिश बोलणारी माणसं तिथं जवळपास नव्हतीच. गोऱ्यांच्या लेखी क्लेमेंटे काळा होता आणि काळ्यांच्या वस्तीत तो परक्या भाषेचा.

पेपरवाल्यांना रॉबर्टो हे नाव जड वाटायचं. मग त्यांनी परस्पर बॉब किंवा बॉबी करून टाकलं. बेसबॉल खेळाडूंचे फोटो असलेली कार्डं तिकडं पोरं जमवतात, त्या कार्डांवरही वर्षानुवर्षं बॉब क्लेमेंटे असंच छापून यायचं. रेडिओ, टीव्हीवर तेच. तो प्रत्येक वेळी सांगायचा की माझं नाव रॉबर्टो आहे.

त्याहून वाईट म्हणजे मुलाखती. तो जसा इंग्रजी उच्चारायचा तसंच्या तसं स्पेलिंग मोडून पेपरात छापलं जायचं, म्हणजे वाचणाऱ्याला तो अडाणी वाटावा. इंग्रजी ही त्याची दुसरी भाषा होती, ती तो कामापुरती नीट बोलायचा. त्याच्याशी बोलणाऱ्या पत्रकारांपैकी बहुतेकांना स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता, पण हसं मात्र त्याचं व्हायचं.

पाठीचं तेच. दुखतंय म्हणून सांगितलं की पेपरात यायचं की याला काही झालेलं नाही, हा सोंग करतो. गोरा खेळाडू दुखापत घेऊन खेळला की शूर आणि क्लेमेंटेनं दुखणं सांगितलं की रडका, असा हा हिशोब होता. या आरोपाचं उत्तर रेकॉर्ड बुकात आहे. करिअर संपलं तेव्हा तो पायरेट्सकडून २,४३३ मॅच खेळला होता. टीमचा जुना दिग्गज होनस वॅगनर याच्या विक्रमाशी ही बरोबरी होती. मधल्या काळात, १९५८ च्या हिवाळ्यात, तो अमेरिकेच्या मरीन कोअरच्या राखीव दलात भरती झाला आणि सहा महिन्यांचं प्रशिक्षणही पूर्ण केलं.

सीझनच्या आधी टीमचा सराव फ्लोरिडात फोर्ट मायर्सला व्हायचा. तिथं वंशभेदाचे कायदे होते. गोरे खेळाडू हॉटेलात राहायचे, काळ्यांना गावातल्या काळ्या कुटुंबांकडं उतरावं लागायचं. प्रवासात गोरे सहकारी जेवायला उतरले की हे बसमध्ये बसून, कुणीतरी खाणं आणून देईल याची वाट बघायचे. क्लेमेंटेनं हे चालणार नाही म्हणून मॅनेजमेंटकडं वाद घातला. मग काळ्या खेळाडूंसाठी वेगळी गाडी मिळाली. कायदा तसाच होता, पण बसमध्ये ताटकळत बसणं तरी सुटलं.

दोन मॅच, ज्या अजून सांगितल्या जातात

पहिली मॅच २५ जुलै १९५६ ची. पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवर पायरेट्स विरुद्ध शिकागो कब्स. शेवटची इनिंग, पायरेट्स ८-५ नं मागे. तिन्ही बेसवर त्यांचे खेळाडू उभे आणि मारायला क्लेमेंटे. कब्सनी नवीन पिचर आणला. त्याचा पहिलाच बॉल क्लेमेंटेनं उचलला. बॉल भिंतीच्या बाहेर गेला नाही, मैदानातच राहिला. तिघे घरी पोहोचले, स्कोअर ८-८. क्लेमेंटे तिसऱ्या बेसवर येताना मॅनेजर बॉबी ब्रॅगननं हात वर करून त्याला थांबायची खूण केली. तिथं थांबला असता तरी मॅच हातात होती, कारण अजून एकही जण आउट नव्हता.

तो थांबला नाही. तसाच पळत सुटला, घरच्या बेसवर घसरत पोहोचला आणि मॅच ९-८ नं संपवली. मैदानातल्या मैदानात पळून चार रन आणि त्याच फटक्यावर मॅच खल्लास, असं आधुनिक मेजर लीगच्या इतिहासात एवढ्या एकाच वेळी घडल्याची नोंद आहे.

दुसरी मॅच १३ ऑक्टोबर १९६० ची. वर्ल्ड सिरीजची सातवी आणि निर्णायक मॅच, समोर न्यूयॉर्क यांकीज. ही सिरीज अजब होती. सात मॅचमध्ये मिळून यांकीजनी ५५ रन केले, पायरेट्सनी फक्त २७. तरी मॅच ३-३ बरोबरीत. यांकीज जिंकायचे ते धुवून, पायरेट्स जिंकायचे ते कसेबसे.

आठव्या इनिंगमध्ये पायरेट्स ७-५ नं मागे होते आणि दोघे आउट झाले होते. क्लेमेंटेनं मारलेला बॉल पहिल्या बेसच्या बाजूला हळूहळू गडगडत गेला. सरळ आउट होता. पण यांकीजचा पिचर बेसवर पोहोचलाच नाही आणि क्लेमेंटे जीव तोडून पळाला. तो वाचला, एक रन आला, इनिंग चालू राहिली. पुढच्याच बॅटरनं, हॅल स्मिथनं, होमरन मारला आणि स्कोअर झाला ९-७. यांकीजनी ९-९ केलं. मग शेवटच्या इनिंगमध्ये बिल मॅझरॉस्कीनं होमरन मारून सिरीज जिंकून दिली. तो होमरन बेसबॉलमधल्या सगळ्यात गाजलेल्या फटक्यांपैकी एक आहे.

मॅझरॉस्कीचा होमरन सगळ्यांना आठवतो, क्लेमेंटेचं पळणं कमी लोकांना. सातही मॅचमध्ये त्याला हिट मिळाला होता. पण त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूसाठी पत्रकारांनी मतदान केलं तेव्हा तो आठवा आला. बक्षीस त्याच्याच टीमच्या डिक ग्रोटला मिळालं. पहिला नंबर नाही याच्यापेक्षा आठवा नंबर त्याला लागला. १९६० च्या विजयाची अंगठी त्यानं कधी घातली नाही असं सांगतात.

राग त्यानं मैदानात काढला. पुढच्या वर्षी ०.३५१ च्या सरासरीनं तो नॅशनल लीगमध्ये पहिला आला. १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये परत तेच. १९६१ पासून १९७२ पर्यंत सलग १२ वर्षं फिल्डिंगचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्यालाच. शेवटी १९६६ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मानही मिळाला.

ज्या मॅच त्यानं खेळायला नकार दिला

४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. चार दिवसांनी पायरेट्सचा सीझन ह्यूस्टनमध्ये सुरू होणार होता. किंग यांचे अंत्यसंस्कार ९ तारखेला होते. पायरेट्समध्ये ११ काळे खेळाडू होते, त्यावेळी दुसऱ्या कुठल्याच टीममध्ये एवढे नव्हते. क्लेमेंटेच्या पुढाकारानं सगळ्यांनी ठरवलं की अंत्यसंस्कार होईपर्यंत खेळायचं नाही. गोरे सहकारीही सोबत उभे राहिले. सीझन १० एप्रिलला सुरू झाला आणि बाकीच्या टीमच्याही मॅच पुढं गेल्या.

यानंतर तीन वर्षांनी, १ सप्टेंबर १९७१ ला, मॅनेजर डॅनी मर्टॉनं फिलाडेल्फियाविरुद्ध जी टीम उतरवली त्यातले नऊच्या नऊ खेळाडू काळे किंवा लॅटिनो होते. मेजर लीगमध्ये असं पहिल्यांदाच होत होतं. क्लेमेंटे त्यात होता. पायरेट्सनी मॅच १०-७ नं जिंकली.

टीव्हीवर आधी स्पॅनिश

१९७१ ची वर्ल्ड सिरीज. समोर बाल्टिमोर ओरिओल्स. त्यांच्याकडं त्या सीझनला प्रत्येकी किमान २० मॅच जिंकलेले चार पिचर होते. पहिल्या दोन मॅच पायरेट्स हरले, दुसरी तर ११-३ नं. क्लेमेंटे तेव्हा ३७ वर्षांचा होता.

तिथून पायरेट्सनी सलग तीन जिंकल्या. यातली चौथी मॅच वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात रात्री खेळलेली पहिली मॅच होती, त्यामुळं कामावरून घरी आलेल्या लाखो लोकांनी क्लेमेंटेला टीव्हीवर बघितलं. सहावी मॅच ते हरले, पण त्यातही नवव्या इनिंगमध्ये मैदानाच्या कोपऱ्यातून त्यानं घरच्या बेसवर असा थ्रो मारला की तिसऱ्या बेसवरचा खेळाडू जागचा हलला नाही. सातव्या मॅचमध्ये त्यानं होमरन मारला आणि पायरेट्स २-१ नं जिंकले.

सातही मॅचमध्ये हिट, एकूण १२ हिट, सरासरी ०.४१४. सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. हा मान मिळालेला तो पहिला लॅटिनो.

मॅचनंतर ड्रेसिंग रूममध्ये त्याच्यासमोर माइक आला. सगळा देश बघत होता. इंग्रजीत काही बोलायच्या आधी त्यानं पोर्तो रिकोतल्या आई-वडिलांशी बोलायचं म्हणून परवानगी मागितली आणि स्पॅनिशमध्ये त्यांचा आशीर्वाद घेतला. ज्याच्या भाषेची इतकी वर्षं टिंगल झाली, त्यानं अमेरिकेच्या टीव्हीवर आधी तीच भाषा बोलून दाखवली. पोर्तो रिकोतली त्या पिढीतली माणसं त्या सिरीजबद्दल बोलताना होमरनइतकीच ही गोष्ट सांगतात.

३०००

१९७२ चा सीझन संपत आला तेव्हा क्लेमेंटे २९९९ वर होता. २९ सप्टेंबरला त्याच्या एका फटक्यावर तो बेसवर पोहोचला आणि बोर्डावर हिट असं झळकलंसुद्धा. लोकांनी जल्लोष केला, पण स्कोअररनं ती फिल्डरची चूक ठरवली. हिट गेला.

दुसऱ्या दिवशी, ३० सप्टेंबरला, न्यूयॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅकच्या बॉलवर त्यानं डबल मारला, म्हणजे थेट दुसऱ्या बेसवर. ३००० पूर्ण. स्टेडियममध्ये जेमतेम १३ हजार लोक होते. दुसऱ्या बेसवर उभं राहून त्यानं टोपी उंचावली. त्यानंतर सीझनमध्ये तो फक्त एकदा, ३ ऑक्टोबरला, बदली फिल्डर म्हणून उतरला. पुढच्या वर्षी अजून खेळायचं होतंच, त्यामुळं कुणी घाई केली नाही.

मानाग्वाकडं निघालेलं विमान

नोव्हेंबरमध्ये पोर्तो रिकोच्या हौशी खेळाडूंची टीम घेऊन तो निकाराग्वाची राजधानी मानाग्वाला गेला होता. तिथल्या लोकांशी त्याची ओळख झाली. पाय गमावलेल्या एका मुलाला त्यानं कृत्रिम पाय मिळवून द्यायचा शब्दही दिला होता.

तो घरी परतल्यावर काही दिवसांतच, २३ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर, मानाग्वात भूकंप झाला. हजारो माणसं गेली, शहराचा मधला भाग जमीनदोस्त झाला.

क्लेमेंटेनं पोर्तो रिकोत मदत गोळा करायला सुरुवात केली. नाव द्यायचं आणि फोटो काढून निघून जायचं असं नाही. अख्खा ख्रिसमस त्यानं सान हुआनच्या स्टेडियमवर पैसे आणि सामान जमवण्यात घालवला. विमानं जायला लागली. पण तिकडून बातम्या यायला लागल्या की आलेली मदत लोकांपर्यंत पोहोचतच नाही, हुकूमशहा अनास्तासिओ सोमोझाची माणसं ती मधल्या मधे गायब करतात. क्लेमेंटेला वाटलं की आपण स्वतः सामानासोबत गेलो तर कुणी हात लावायची हिंमत करणार नाही.

सामान नेण्यासाठी ठरवलेलं विमान जुनं डीसी-७ होतं. त्याच महिन्यात जमिनीवर चालवताना त्याला अपघात झाला होता. नंतरच्या चौकशीत दिसलं की त्यात परवानगीपेक्षा सुमारे १९०० किलो जास्त वजन भरलं होतं आणि अशा विमानासाठी लागणारा प्रशिक्षित फ्लाइट इंजिनिअरही सोबत नव्हता. पत्नी व्हेराला काळजी वाटत होती. घरी तीन लहान मुलगे होते.

३१ डिसेंबर १९७२ च्या रात्री सव्वानऊनंतर विमान उडालं. काही मिनिटांतच इंजिनात बिघाड झाला आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर ते समुद्रात कोसळलं. आत पाच जण होते. कुणीच वाचलं नाही.

बेटावर नवीन वर्षाचा जल्लोष थांबला. लोक किनाऱ्यावर जमले आणि दिवसच्या दिवस समुद्राकडं बघत उभे राहिले. पायरेट्सचा कॅचर मॅनी सँगियेन हा क्लेमेंटेचा जिवलग. बाकी टीम श्रद्धांजलीच्या प्रार्थनेला गेली तेव्हा सँगियेन तिथं नव्हता, तो पाणबुड्यांसोबत समुद्रात उतरून मित्राला शोधत होता. क्लेमेंटेचा मृतदेह कधीच सापडला नाही.

कुटुंबीयांनी अमेरिकन सरकारवर दावा लावला. अशा विमानाला उडू देणं ही विमान वाहतूक खात्याची चूक होती, असं त्यांचं म्हणणं होतं. खालच्या कोर्टात ते जिंकले, पण १९७७ मध्ये अपील कोर्टानं निकाल फिरवला.

नावाची दुरुस्ती

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जायचं तर निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. क्लेमेंटेसाठी हा नियम बाजूला ठेवला. मार्च १९७३ मध्ये खास मतदान झालं आणि ४२४ पैकी ३९३ मतं त्याला पडली. हे तेच पत्रकार, ज्यांच्या मतांनी १९६० मध्ये तो आठवा ठरला होता. हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला लॅटिन अमेरिकन खेळाडू. आज मेजर लीगमध्ये चारातला किमान एक खेळाडू लॅटिनो असतो.

पायरेट्सनी २१ नंबर कायमचा निवृत्त केला. समाजासाठी काम करणाऱ्या खेळाडूला दरवर्षी मिळणारा मेजर लीगचा पुरस्कार १९७३ पासून त्याच्या नावानं दिला जातो. पिट्सबर्गमध्ये स्टेडियमकडं जाणाऱ्या पुलाला त्याचं नाव आहे आणि तो ज्या बाजूला फिल्डिंग करायचा त्या बाजूची नव्या स्टेडियमची भिंत बरोबर २१ फूट उंच बांधलेली आहे. दरवर्षी १५ सप्टेंबरला रॉबर्टो क्लेमेंटे दिवस असतो आणि वेगवेगळ्या टीमचे खेळाडू २१ नंबरची जर्सी घालून उतरतात.

आणि ती नावाची भानगड. हॉल ऑफ फेमच्या भिंतीवर १९७३ मध्ये त्याची जी पाटी लागली, त्यावर नाव कोरलं होतं रॉबर्टो वॉकर क्लेमेंटे. आईचं आडनाव अमेरिकन पद्धतीनं मधलं नाव म्हणून टाकलं होतं. म्हणजे बॉब गेला, पण नाव अजूनही चुकलेलंच.

ही चूक २७ वर्षं तशीच भिंतीवर होती. २००० मध्ये ती पाटी काढून नवीन लावली. तिच्यावर आता रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर असं लिहिलेलं आहे, आधी वडिलांचं आडनाव, मग आईचं, त्याच्या घरी लिहायचे तसं.